काचेआडचे प्राणी जवळून टिपताना

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन मुंबईला राणीच्या बागेत गेले होते. पेंग्विन काचेपलीकडे अगदी हातभर अंतरावर पोहत होते, पण घरी येऊन छायाचित्रे पाहिली तर जवळजवळ प्रत्येकात माझा पिवळा कुर्ता, मागचे दिवे आणि शेजारच्यांचे मोबाइलच उमटलेले होते. काहींमध्ये पेंग्विन हिरवट आणि पुसट आले आहेत. माझ्याकडे १८-५५ लेन्सचा साधा कॅमेरा आहे. दिवाळीच्या सुट्टीत कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात साप पाहायला जाण्याचा बेत आहे. दुकानदार पोलरायझर (लेन्सपुढे बसवायची, चकाकी कमी करणारी फिरती काच) घ्या म्हणतात. घ्यावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पोलरायझरवर एवढ्यात पैसे घालू नका. साधी काच समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश एका पृष्ठभागावरून परत पाठवते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साधारण ८ टक्के. हा आकडा किरकोळ वाटतो. पण पलीकडे अंधूक उजेड आणि आपल्या बाजूला दिवे, भडक कपडे, मोबाइलचे पडदे अशी स्थिती असली की तेवढेच प्रतिबिंब प्राण्यावर मात करते. पोलरायझर ते कमी करतो हे खरे, मात्र त्याचा पुरता उपयोग काचेकडे बऱ्याच तिरक्या कोनातून, म्हणजे काचेवरील लंबाशी सुमारे ५६ अंशांचा कोन करून पाहताना होतो. समोरासमोर उभे राहिल्यास तो जवळपास निरुपयोगी ठरतो, शिवाय आधीच अपुरा असलेला निम्म्याहून अधिक प्रकाश खातो. आणि जाड काचेतून, विशेषतः तिच्यामागे पाणी असताना, तिरके टिपलेले चित्र फाटल्यासारखे पुसट येते. आपले पेंग्विन पुसट येण्यामागे हेही एक कारण असू शकते.

त्याऐवजी घडी होणारे रबरी लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारे नरसाळ्यासारखे आवरण, घ्या. आपल्या लेन्सच्या पुढच्या कडेजवळ, वर्तुळावर तिरकी रेघ असलेल्या चिन्हापुढे, ५२, ५५ किंवा ५८ असा आकडा लिहिलेला असेल. त्याच मापाचे हूड मागावे. ते काचेला अलगद टेकवले की लेन्स आणि काच यांच्यामध्ये मागचा उजेड शिरायला वाटच उरत नाही, आणि प्रतिबिंब मुळातच तयार होत नाही. हूड मिळाले नाही तर काळा रुमाल लेन्सभोवती गुंडाळून काचेला लावला तरी पुष्कळ फरक पडतो. त्या दिवशी अंगात गडद कपडे असावेत, हेही आवर्जून सांगतो.

लेन्स काचेला चिकटवली तर फोकस कसा होणार, अशी शंका अनेकांना येते. अशा लेन्सला फोकससाठी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर अंतर लागते, पण ते प्राण्यापर्यंतचे, काचेपर्यंतचे नव्हे. उलट काच इतकी जवळ आली की तिच्यावरचे ओरखडे आणि मुलांच्या बोटांचे ठसे फोकसबाहेर जाऊन चित्रातून नाहीसे होतात. त्यासाठी ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, शक्य तितके उघडे ठेवावे, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढवायला कचरू नये, आणि फोकसचा एकच बिंदू निवडून तो प्राण्याच्या डोळ्यावर धरावा; नाहीतर कॅमेरा काचेवरचा डागच पकडून बसतो. हिरवट छटा बहुधा जाड काचेतील लोहाच्या अंशामुळे येते. रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, छायाचित्र घेतले असेल तर संगणकावर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, बदलून ती बरीचशी घालवता येते.

फ्लॅश बंदच ठेवा, आणि फोकससाठी कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूस लागणारा छोटा दिवाही. फ्लॅशचा प्रकाश काचेवरून थेट लेन्समध्ये परततो, आणि पलीकडच्या जिवाला त्याचा जाच होतो तो वेगळाच. सापाने मान वळवावी म्हणून काचेवर टकटक करणारी मंडळी पाहिली की मला अतिशय वाईट वाटते. सापाला बाहेरून दिसणारे कान नसतात, पण जबड्याच्या हाडांमधून त्याला कंपने जाणवतात. प्राणिसंग्रहालयातील प्राण्याला असा त्रास देण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही मनाई आहे.

सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. म्हणून तो निजलेला असला तरी डोळा मोकळाच दिसतो आणि आपल्याला निवांत वेळ मिळतो. एखाद्याचा डोळा निळसर, दुधाळ दिसला तर तो कात टाकण्याच्या बेतात आहे असे समजावे. त्या डोळ्यात चकाकी येत नाही, पण मला स्वतःला ते छायाचित्र अधिक मोलाचे वाटते.

जाण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातल्या शोकेसवर सराव करा. ट्यूबलाइट चालू ठेवून आतल्या पितळी मूर्तीचे एक छायाचित्र हातभर अंतरावरून आणि दुसरे लेन्स काचेला टेकवून घ्या. फरक तिथल्या तिथे दिसेल. कात्रज कोल्हापूरहून जाताना पुणे शहराच्या अलीकडेच लागते, तेव्हा पहाटे निघून सकाळच्या वेळेत, काचांवर ठसे उमटण्याआधी, आत पोहोचावे. बुधवारी मात्र ते बंद असते.