वाचकांचे प्रश्न : जट, कुंकू आणि दुखावलेल्या भावना

या महिन्यातील टपालात बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतून आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती : बाईला जाच होणाऱ्या रूढीविरुद्ध बोलले की धर्माविरुद्ध बोलल्याचा ठपका का येतो आणि त्याला तोंड कसे द्यावे. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेच्या केसांत जट झाली आहे. हे यल्लम्माचे बोलावणे असून जट कापल्यास घरावर कोप होईल, म्हणून तिला सौंदत्तीला नेऊन देवीची करावी, असे सासूबाई म्हणतात. जावेची मान सतत दुखते. मी जट काढण्याचा विषय काढला, तर मलाच धर्मबुडवी म्हणतात. काय करावे? (खानापूर तालुका)

उत्तर : तेलकट केस बरेच दिवस धुतले आणि विंचरले गेले नाहीत की त्यांचा गुंता होतो, त्यात धूळ आणि घाम मुरतो. एवढ्यावर कोणी कंगवा घेऊन बसले असते तर प्रकरण तेथेच संपले असते. परंतु ही देवीची जट आहे असे एकदा ठरले की कंगवा बंद होतो, वर भंडारा लावला जातो आणि गुंता दोरखंडासारखा घट्ट होत जातो. त्याच्या ओझ्याने मान अवघडते, उवा होतात, टाळूवर जखमा होतात. जट कापण्यास कात्री पुरते. कठीण असते ती भीती, आणि ती सासूबाईंपेक्षा जावेच्याच मनात अधिक असण्याचा संभव आहे.

म्हणून पहिली गोष्ट तिलाच विचारण्याची. ती झोपेत असताना किंवा चौघांनी धरून जट कापणे हा तिच्यावर दुसरा जुलूम होईल, मग हेतू कितीही चांगला असो. ती तयार झाली तरी काम तेथे संपत नाही, कारण पुढच्या काही महिन्यांत घरात म्हैस आटली किंवा मुलाला ताप आला की बोट तिच्याकडेच दाखवले जाईल आणि त्या वेळी तुम्ही तिच्या बाजूने उभे राहिला नाहीत, तर कापलेल्या जटेचा तिला पश्चात्तापच होईल. सासूबाईंशी देवी आहे की नाही, या वादात शिरू नका. कापलेली जट डोंगरावर नेऊन वाहायची असेल, तर वाहू द्या. आमच्या काही विवेकवादी मित्रांना हा सल्ला मचूळ वाटेल, पण येथे प्रश्न तुमच्या जावेच्या मानेचा आहे.

आता ‘देवीची करणे’ याविषयी. स्वखुशीने परडी घेऊन जोगवा मागणे ही एक गोष्ट झाली आणि मुलीला किंवा बाईला मणी बांधून देवीला सोडणे ही अगदी वेगळी गोष्ट झाली. दुसरी गोष्ट गुन्हा आहे. बेळगाव मुंबई प्रांतात होते तेव्हा, १९३४ सालीच, तेथे देवदासी संरक्षणाचा कायदा झाला होता. कर्नाटकाने देवदासी प्रतिबंधक कायदा १९८२ मध्ये केला. या कायद्याने असा विधी बेकायदा ठरवला, मग त्या स्त्रीने होकार दिलेला असो वा नसो. आणि विधी घडवून आणणारे आईवडील किंवा नातेवाईक असतील तर शिक्षा अधिक कडक ठेवली. सोडलेल्या स्त्रीला लग्न करता येत नाही, ही समजूतही या कायद्याने निकालात काढली आहे. घटप्रभा येथे माजी देवदासींनीच चालवलेली ‘मास’ ही संस्था १९९७ पासून काम करते. तिच्या कार्यकर्त्या सीताव्वा जोडट्टी यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. सासूबाईंची गाठ तेथील एखाद्या वयस्क बाईशी घालून द्या. तुमच्या दहा भाषणांपेक्षा तिचे बोलणे त्यांना अधिक पटेल.

प्रश्न : हेरवाडप्रमाणे आमच्या गावातही विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव व्हावा, अशी आमच्या महिला मंडळाची इच्छा आहे. ‘तो महाराष्ट्राचा नियम आहे आणि हा धर्माचा विषय आहे’, असे गावातील वडीलधारे म्हणतात. (निपाणी, एक शिक्षिका)

उत्तर : शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. ते परिपत्रक सीमा ओलांडून तुमच्याकडे लागू होत नाही, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु हेरवाडने ठराव केला तेव्हा तेही परिपत्रक नव्हतेच. कर्नाटकातील ग्रामसभेलाही असा ठराव करण्यास कोणाची आडकाठी नाही.

धर्माचा विषय म्हणाल, तर सतीबंदीच्या वेळी १८२९ मध्ये आणि विधवाविवाहाच्या कायद्याच्या वेळी १८५६ मध्ये हेच म्हटले गेले. राज्यघटनेचा पंचविसावा अनुच्छेद धर्मस्वातंत्र्य देतो, पण त्याच अनुच्छेदात समाजसुधारणेची वाट मोकळी ठेवलेली आहे. शिवाय तुमचा ठराव कोणाच्या पूजेला हात लावत नाही. सौंदत्तीला मार्गशीर्ष पौर्णिमेला देवीच्या वैधव्यासाठी बांगड्या फोडल्या जातात आणि पुढे देवीला सौभाग्य परत मिळते; गावातल्या बाईला मात्र ती सोय नसते, हे वडीलधाऱ्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

तुमच्या भागात एक वेगळी अडचण आहे. मराठी मंडळाने आणलेला आणि महाराष्ट्रातील गावाचे नाव घेणारा ठराव सीमाप्रश्नाच्या चष्म्यातून पाहिला जाण्याची भीती असते, आणि एकदा तसे झाले की विधवा बाजूला राहते आणि भाषेवर भांडण सुरू होते. ठराव मांडणाऱ्यांत कन्नड भाषक बायका पहिल्यापासून असू द्या. मसुदा दोन्ही भाषांत करा आणि सभेत दोन्ही भाषांत वाचा. बाराव्या शतकातील बसवेश्वरांची शरण चळवळ आणि कवयित्री अक्कमहादेवी हा त्यांच्या घरचा वारसा आहे. त्यांना हेरवाडचा दाखला लागणारही नाही.

ठरावाने शिक्षा करता येत नाही, हे ध्यानात ठेवा. बांगड्या फोडल्या जातात त्या क्षणी ती बाई काही बोलण्याच्या स्थितीत नसते आणि फोडणाऱ्या बहुधा दुसऱ्या बायकाच असतात, त्यामुळे निर्णय आधी व्हावा लागतो. गावातील पुरुषांनी जिवंतपणीच ‘माझ्यामागे माझ्या पत्नीवर हे विधी करू नयेत’ असे लिहून सही करावी. एखादीला स्वतःहून कुंकू लावायचे नसेल, तर तिच्यावरही ठरावाची सक्ती नको.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते कुंकवाहून निकडीची आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मिळकतीत विधवेला मुलांच्या बरोबरीने वाटा आहे, परंतु उताऱ्यावर तिचे नाव चढवण्याची आठवण दहाव्या-बाराव्यालाच काय, वर्षश्राद्धालाही कोणाला होत नाही. अशुभ ठरवलेली बाई वाटा मागत नाही. रूढीचा हा व्यवहार धर्माच्या चर्चेत नेहमीच झाकला जातो. ठरावात वारसनोंदीचे कलम घाला. विरोध कुंकवाला किती होतो आणि या कलमाला किती, हेही कळेल.

प्रश्न : तुम्ही स्वतः देव मानता का? (हुक्केरी)

उत्तर : नाही. परंतु वरील दोन्ही उत्तरे मानणाऱ्या माणसालाही देता आली असती.

प्रश्न : मी मुसलमान आहे. एकतर्फी तलाक आणि बुरख्याची सक्ती यांवर लिहिते. आमच्यातील लोक म्हणतात की तू शत्रूच्या हातात कोलीत देतेस. आणि खरोखरच, ज्यांना आमचा द्वेष वाटतो तेच माझ्या लिखाणाची वाहवा करतात. लिहिणे थांबवावे का? (बेळगाव शहर)

उत्तर : थांबवू नये. तुमची कोंडी खरी आहे, पण ती जुनीही आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा नेला, तेव्हा त्यात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, त्याच्या नावातच जोतीराव फुल्यांशी नाते सांगितलेले आहे. दलवाई हिंदू जातीयवादावरही तितक्याच परखडपणे लिहीत. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, पाचपैकी तीन न्यायमूर्तींच्या बहुमताने. आणि तो खटला शायरा बानो या तलाक मिळालेल्या स्त्रीने स्वतः लढवला होता. पुढे २०१९ च्या कायद्याने पतीला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, तेव्हा तलाकविरुद्ध लढलेल्या काही स्त्री संघटनांनीच या तरतुदीला विरोध केला. रूढीवर टीका केली म्हणून सरकारच्या प्रत्येक उपायाला मान डोलवावी लागत नाही.

बुरख्याविषयी तर आपल्या राज्यातच ताजे उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटक शासनाने गणवेशाचा आदेश काढला, ज्याच्या आधारे महाविद्यालयांत हिजाबला मनाई झाली; १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. डोके झाकण्याची सक्ती घरातून होते आणि ते उघडण्याची सक्ती महाविद्यालयाच्या फाटकावर. मुलीला कोणीच विचारत नाही. या दोन्ही सक्तींविरुद्ध एकाच लेखात लिहिले, तर तुमची वाहवा करणाऱ्यांपैकी निम्मे आपोआप गळतील. लिहिताना रूढीचे नाव घ्या, तिने कोणाचे काय नुकसान केले ते सांगा. ‘आमचे लोक असेच’ असे सरसकट वाक्य मात्र टाळा, कारण द्वेष करणाऱ्यांना नेमके तेच हवे असते. आणि हिंदू घरातील विधवेविषयीही लिहा. तुम्हाला तो अधिकार नाही असे कोणी म्हटले, तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयीन मुले-मुली देवदासी प्रथा आणि भोंदू बाबा यांवर पथनाट्य बसवत आहोत. ‘भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल करू’, अशी धमकी आली आहे. घरचेही घाबरले आहेत. कायदा काय म्हणतो? (चिकोडी)

उत्तर : हे कलम १९२७ साली दंडविधानात २९५-अ म्हणून आले, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९५७ मध्ये स्पष्ट केले की नकळत किंवा निष्काळजीपणाने झालेला अपमान त्यात बसत नाही. बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी शासनाची मंजुरीही लागते. ही झाली तुमची जमेची बाजू. उलट बाजू अशी की गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याने, शेवटी निर्दोष सुटणारा माणूसही आधी अटक होऊ शकतो. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना मासिकात दिलेल्या उत्तरांवरून. तो अश्लीलतेचा होता, त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते, तरी त्यांना दंड झाला. प्रश्नोत्तराचे सदर लिहिणाऱ्याला हे विसरता येत नाही.

घरच्यांच्या भीतीला हसू नका. डॉ. नरेंद्र दाभोलकर २०१३ मध्ये पुण्यात, गोविंद पानसरे फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात, डॉ. एम. एम. कलबुर्गी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला आणि गौरी लंकेश २०१७ मध्ये बंगळुरूला गोळ्यांना बळी पडल्या-पडले. यांतील दोन गावे तुमच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर आहेत. एकटे कुठे जाऊ नका, खेळ नेहमी एखाद्या संस्थेच्या नावाने करा.

संहिता लिहून काढा आणि प्रत्येक पानावर तारीख घाला. हेतूचा प्रश्न आला की तीच कामास येते. जागेची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी लेखी घ्या. कर्नाटकाचा अमानुष प्रथा आणि काळी जादू प्रतिबंधक कायदा २०१७ मध्ये संमत होऊन २०२० पासून लागू आहे. नाटकात त्याचा उल्लेख असला, तर तुम्ही कायद्याचा प्रचार करत आहात, हे ठाण्यात सांगता येते. एखाद्या वकिलाशी धमकी आल्याच्या दिवशीच बोलून ठेवावे.

तुम्ही पाठवलेल्या संहितेतील बाबाचे प्रवेश चांगले आहेत. जोगतिणीचा प्रवेश मला खटकला, कारण तिच्या चालण्याबोलण्यावर प्रेक्षकांना हसवले आहे. तो एखाद्या माजी देवदासी बाईला वाचून दाखवा आणि ती सांगेल ती वाक्ये बदला. त्यानंतरच तारीख ठरवा, आणि ती जत्रेच्या गर्दीत ठेवू नका.