बेसुमार पाऊस आणि पाच हजार शब्दांची पुस्तिका

ताई, जिंतूरहून लिहिलेला तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात मला माझीच जुनी वही दिसली. तुमची मुलगी दहावीला सेमी-इंग्रजीत आहे, आठवडी बाजारावरील निबंधात तिने ‘द बझार वॉज रिप्लीट विथ मल्टिट्यूडिनस व्हेजिटेबल्स’ (बाजार असंख्य भाज्यांनी भरून गेला होता) असे वाक्य लिहिले, बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढून ‘कृत्रिम’ एवढाच शेरा दिला, आणि आता परीक्षेसाठी पाच हजार शब्दांची पुस्तिका विकत घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर ‘घेऊ नये’ असे आहे; का घेऊ नये, हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

आधी एक खुलासा करतो. मी शिक्षक नाही. माझी नोकरी हिशेबाची आहे आणि गेली काही वर्षे संध्याकाळी गल्लीतील चार-पाच मुलांना मी इंग्रजी शिकवतो, एवढाच माझा अधिकार. स्पेलिंग, व्याकरण आणि रोजचे वाचन यांविषयी तुमच्या प्रश्नाखाली इतरांनी लिहिलेले आहे, त्यामुळे ते मी सोडून देतो.

मी २००१ साली रेणापूर तालुक्यातील एका गावातून दहावीला बसलो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २०००मध्ये; आमच्या पिढीला ए-बी-सी-डी भेटली ती थेट पाचवीत. पाच वर्षांत जे जमले नाही ते पाच महिन्यांत जमवून देतो, असे सांगणारा एक क्लास तालुक्याच्या ठिकाणी होता. त्याचे नाव सांगत नाही आणि कोणी विचारूही नये. फीबरोबर त्यांनी एक पुस्तिका दिली: पाच हजार शब्द, शंभर दिवस, म्हणजे रोज पन्नास शब्द. डावीकडे इंग्रजी शब्द, मधे देवनागरीत उच्चार, उजवीकडे एकाच मराठी शब्दात अर्थ. वाक्य एकही नव्हते. पहाटे गोठ्यात कंदील टांगून मी ती अक्षरक्रमाने घोकत असे. शंभर दिवसांचा हिशेब कधीच बसला नाही, पण डिसेंबरअखेर ‘ई’ अक्षर संपले आणि मला स्वतःविषयी फार आदर वाटू लागला.

जानेवारीच्या पूर्वपरीक्षेत मित्राला पत्र लिहायचे होते. गेल्या पावसाळ्याचे वर्णन करताना मला साध्या शब्दांची लाज वाटली. पुस्तिकेत ‘एक्झॉर्बिटंट – बेसुमार’ असे छापलेले होते, पाऊसही बेसुमार झाला होता (आमच्या भागात असे क्वचितच लिहायला मिळते), तेव्हा मी ‘वी हॅड एक्झॉर्बिटंट रेन’ असे ठोकून दिले. सरांनी शब्दाभोवती गोल काढून ‘अयोग्य’ लिहिले. अयोग्य का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. क्लासमध्ये जाऊन विचारले, तर तिथल्या प्रमुखांनी वही न उघडताच सांगितले की पाठांतर कमी पडते आहे, दुसरा भाग घ्या. मी तो घेतला. वडिलांनी त्या महिन्यात खताची उधारी ठेवली होती, हे मला पुढे कळले. बोर्डाच्या पेपरातही मी असेच शब्द पेरत गेलो आणि सर्व विषयांत सर्वांत कमी गुण मला इंग्रजीत पडले. गुणांचे दुःख पुढे कमी झाले. जी भाषा सर्वाधिक घोकली तीच आपल्याला येत नाही, ही समजूत मात्र अकरावी-बारावीभर माझ्या मानेवर बसून होती. माझी सर्वांत महागडी चूक हीच, आणि तुमच्या मुलीने ती करू नये म्हणून हे सगळे लिहितो आहे.

उलगडा लातूरला झाला. अकरावीसाठी मी तिथे खोली घेऊन राहिलो आणि खोलीचे मालक टपाल खात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांच्याकडे हॉर्नबी यांचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश होता. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत, आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांसाठी त्यांनी केलेला हा कोश ऑक्सफर्डने १९४८मध्ये, म्हणजे मराठवाडा मुक्त झाला त्याच वर्षी, प्रसिद्ध केला. मालकांनी ‘एक्झॉर्बिटंट’चे पान काढून माझ्यापुढे धरले. तिथे पावसाचा उल्लेख नव्हता. किंमत, भाडे, फी असे त्या शब्दाचे सोबती होते. ‘मी तुझ्याकडून घेतो ते भाडे एक्झॉर्बिटंट नाही, हे ध्यानात ठेव,’ असे म्हणून ते स्वतःच हसले. हा शब्द मी त्यानंतर कधीही चुकलो नाही.

मराठीत आपण बेसुमार पाऊस, बेसुमार गर्दी आणि बेसुमार फी असे तिन्ही म्हणतो. इंग्रजीत पावसाला ‘हेवी’, गर्दीला ‘ह्यूज’ आणि फीला ‘एक्झॉर्बिटंट’ लागते. एकशब्दी अर्थाची पुस्तिका नेमके हेच लपवते. उलट बाजूने पाहिले की हे लगेच पटते. एखाद्या परदेशी माणसाला आपण ‘निधन म्हणजे मरण’ एवढेच पाठ करून दिले, तर तो उद्या ‘माझ्या हातून एका डासाचे निधन झाले’ असे लिहील आणि व्याकरणात त्याची एकही चूक निघणार नाही. निधन कोणाचे होते, बैल कसा दगावतो आणि कोंबडी कशी मरते, हे आपल्याला कोणत्याही यादीतून कळलेले नसते. ते शब्द ज्यांच्याबरोबर वावरतात त्यांच्यासह ते आपल्या कानांवर पडलेले असतात. इंग्रजी शब्दही त्याच्या दोन-तीन सोबत्यांसह लिहून घ्यावा. सोबती सापडत नसतील तर तो शब्द परीक्षेत वापरू नये, असे माझे मत आहे, आणि या मताबाबत मी जरा हट्टी आहे.

दुसरी गोष्ट शब्दाच्या पोटातील चित्राची. ‘एक्झॉर्बिटंट’मध्ये लॅटिनमधील ‘ऑर्बिटा’ आहे आणि ऑर्बिटा म्हणजे गाडीच्या चाकाने पडलेली चाकोरी. चाकोरीबाहेर गेलेले ते एक्झॉर्बिटंट. ग्रहाची ‘ऑर्बिट’ही त्याच चाकोरीतून आली. काळ्या मातीच्या ओल्या वाटेवर बैलगाडीची चाकोरी कशी खोल रुतते आणि चाक तिच्याबाहेर गेले की काय होते, हे आपल्याकडच्या मुलाला सांगावे लागत नाही. लॅटिन बोलणारे लोकही शेतकरीच होते. ‘रायव्हल’ (प्रतिस्पर्धी) म्हणजे मुळात एकाच ओढ्याचे पाणी वापरणारे शेजारी. पाण्याच्या पाळीवरून ज्यांच्या घरी भांडण झाले आहे त्यांना हा शब्द पाठ करावा लागत नाही. ‘डिलिरियस’ म्हणजे मुळात नांगराचे तास सोडून भरकटलेला. तापात बरळणाऱ्या माणसाला तो का लागतो हे त्यावरून कळते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना हे तीन शब्द मी पहिल्याच आठवड्यात सांगतो आणि सहसा कोणी ते विसरत नाही.

मात्र नुसत्या व्युत्पत्तीवर विसंबू नये. ‘इग्रीजियस’ म्हणजे मुळात कळपातून उठून दिसणारा. हा शब्द पूर्वी स्तुतीसाठी वापरत, आज तो ढळढळीत वाईटासाठीच वापरतात. मुळावरून शब्द लक्षात राहतो. तो आज कोणासाठी वापरायचा, हे सोबतीच सांगतात.

आता परीक्षेपुरते. तृतीय भाषा इंग्रजीची लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची आणि उरलेले २० गुण तोंडी व अंतर्गत कामाचे, हे तुम्हाला माहीत असेलच. तीत शब्दांवर जे विचारले जाते ते पाहा: उताऱ्यातील शब्दाचा समानार्थी किंवा विरुद्धार्थी शब्द, दिलेल्या शब्दाशी संबंधित शब्द, शब्दाला उपसर्ग किंवा प्रत्यय जोडणे, शब्द वाक्यात वापरणे, आणि शेवटी काही शब्द, वाक्ये व म्हणींचे आपल्या माध्यमात भाषांतर. यांतील कशालाही पाच हजारांची यादी लागत नाही. इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांतील शब्द नीट केले तरी पुष्कळ काम होते, आणि ती पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. (कृतिपत्रिकेचे स्वरूप मंडळ बदलू शकते, म्हणून चालू वर्षाचे शाळेतून एकदा विचारून घ्यावे.)

उपसर्गाच्या प्रश्नात मुले हमखास एका ठिकाणी फसतात. ‘इन’ लागला की शब्द उलटा होतो, असे त्यांना शिकवलेले असते. मग ‘इनव्हॅल्युएबल’चा अर्थ ते ‘कवडीमोल’ असा करतात. त्यांना मी ‘अमूल्य’ शब्द दाखवतो. त्यातही ‘अ’ आहेच, पण अमूल्य म्हणजे ज्याचे मोल करता येत नाही असे; इनव्हॅल्युएबलही तसेच. आणि महामार्गावरच्या पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेले असते, ते हा टँकर पेटणार नाही असा दिलासा देण्यासाठी नसते.

पाठ कसे ठेवावे, याविषयी माझी पद्धत साधी आहे. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंच्या चिठ्ठ्या कापाव्यात. पुढच्या बाजूला मोकळी जागा सोडलेले वाक्य लिहावे, मागे शब्द आणि त्याचे सोबती लिहावेत. मराठी अर्थ लिहायचाच असेल तर कोपऱ्यात, बारीक अक्षरात. पादत्राणांच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे करावेत. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने पाहावा. बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकलेली मुकाट्याने पहिल्यात परत येते. ही युक्ती माझी नाही. झेबास्टियान लाइटनर यांनी ती १९७०च्या दशकात जर्मन भाषेत मांडली, आणि पाठ केलेले किती लवकर विसरते याची मोजणी हेर्मान एबिंगहाउस यांनी त्याच्याही आधी, १८८५मध्ये, स्वतःवरच प्रयोग करून प्रसिद्ध केली होती. मोबाइलवर हेच करून देणारी ॲप्स आहेत, पण दहावीच्या वर्षी मुलीच्या हाती खोके असलेले बरे, असे मला वाटते. तुमच्या घरचे वळण तुम्हाला अधिक माहीत.

आठवड्याला आठ-दहाहून अधिक नवे शब्द घेऊ नयेत. कोणते घ्यावेत, याला ऑक्सफर्डची ३००० शब्दांची मोफत यादी चांगली आहे. तीत तुमच्या मुलीला बहुतेक शब्द ओळखीचे वाटतील. ओळखीचा आहे पण वाक्यात वापरता येत नाही, असा प्रत्येक शब्द चिठ्ठीवर जावा. प्रगत शब्दसंग्रह म्हणून क्लासवाले जे विकतात त्यापेक्षा ही भर मला मोलाची वाटते. शब्दकोश मात्र इंग्रजी-इंग्रजीच घ्यावा. विद्यार्थ्यांसाठीच्या काही कोशांत सगळे अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच दिलेले असतात, त्यामुळे तिला ते जड जाणार नाहीत.

आता तिच्या वाक्याकडे येतो. ‘मल्टिट्यूडिनस’ हा शब्द शेक्सपिअरने ‘मॅकबेथ’मध्ये समुद्रांसाठी वापरला आहे; भेंडी-वांग्यांना तो झेपत नाही. ‘रिप्लीट’ वाईट नाही, पण तो बाजाराच्या गोंगाटात शेरवानी घालून उभा राहिल्यासारखा दिसतो. बाईंचा शेरा एका शब्दाचा असला तरी खोटा नव्हता, आणि बाई वर्गात असताना एकदा समोर जाऊन ‘कृत्रिम म्हणजे काय’ असे विचारण्याची मुभा तुमच्या मुलीला आहे; मी माझ्या सरांना ते विचारले नाही. बाजाराच्या वर्णनात भाज्यांचे ढीग ‘पाइल्ड हाय’ म्हणावेत, शब्द साधेच आहेत. वजनदार शब्द हवाच असेल तर तो बाजारातच मिळतो: घासाघीस करणे म्हणजे ‘हॅगल’, आणि त्याच्यापुढे ‘ओव्हर द प्राइस’ असे येते. टोमॅटो महागतात त्या दिवसांत एखादी आजीबाई गोणपाटावर बसलेल्या बागवानाशी वाद घालताना तिने पाहिली असेलच. तो प्रसंग तिने ‘हॅगल’ आणि ‘एक्झॉर्बिटंट’ हे दोन्ही शब्द घेऊन तीन-चार वाक्यांत लिहावा आणि तुम्ही तो इथे द्यावा. रविवारी मला सुट्टी असते, तेव्हा वाचून उत्तर देईन.