मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेण्याची नोकरी सोडून गोष्टी लिहायच्यात म्हणतेस, तर…

नोकरी सोडायची घाई करू नकोस. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिनेचंच बघ. १९०५ मध्ये सहकारी सिमॉनसोबत बुद्धिमापनाची श्रेणी काढणारा हा गृहस्थ नाटककार आंद्रे द लोर्दच्या जोडीनं पॅरिसच्या ग्रां गिन्योल नाट्यगृहासाठी भयनाटकं लिहायचा! (वर्गात हे कुणी शिकवत नाही.)

अहवालाची भाषा मात्र कथेत आणू नकोस. ‘सरासरीपेक्षा कमी’ म्हटलं की माणूस तिथेच संपतो. त्यापेक्षा चाचणीतले ठोकळे जुळेनात म्हणून मूल त्यातला एक हळूच खिशात कसा घालतं, ते लिही. पण ते मूल कुणाला ओळखू येता कामा नये. नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, घर, आजार, सगळंच बदल. आणि चाचणीतले प्रश्न गोष्टीत जसेच्या तसे देऊ नकोस, नाहीतर पुढच्या मुलांचे गुण विश्वासार्ह राहत नाहीत.