वाचकांचे प्रश्न : पाच आडनावांची पूर्वज कशी शोधावी?

प्रश्न : आमची सून अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली. तिच्या आजीच्या वहीत एका पूर्वज बाईबद्दल एवढंच लिहिलंय : 'हॅरड्सबर्गच्या किल्ल्यात राहिली, चार लग्नं झाली, नवरे मारले गेले.' नातीसाठी दोन्ही घराण्यांचा वंशवृक्ष करतोय. इंटरनेटवर या बाईची नावंच वेगवेगळी सापडतात. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, दापोली

उत्तर : वर्णन अ‍ॅन मॅकगिंटी हिच्याशी जुळतं. माहेरची केनेडी, पहिला नवरा विल्सन, दुसरा विल्यम पोग, तिसरा जोसेफ लिंडसे, चौथा जेम्स मॅकगिंटी. पोग १७७८ मध्ये मूलनिवासी योद्ध्यांच्या हल्ल्यात गेला, लिंडसे १९ ऑगस्ट १७८२ रोजी ब्लू लिक्सच्या लढाईत. केंटकीत पहिला चरखा तिनेच आणला असं मानतात. नेटल या खाजऱ्या वनस्पतीचे तंतू आणि बायसनची लोकर एकत्र विणून तिने किल्ल्यातल्या लोकांना कापड दिलं. अशा बाईची वंशवृक्षात 'अमक्याची बायको' एवढीच ओळख राहू नये, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पण वर्णन जुळलं म्हणून तिला लगेच झाडावर चढवू नका. आधी सुनेपासून मागे जा. १९०० आणि १९१० च्या अमेरिकन जनगणनेत बाईला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत, हे विचारलेलं आहे. १८८० च्या जनगणनेत प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आहे. १८९० ची जवळपास सगळी नष्ट झाली, तेव्हा तिथे वीस वर्षांची उडी मारावी लागते. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव मिळतं. त्याआधी नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीचे वयोगटाच्या रकान्यातले आकडे. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या याद्या तर उरलेल्याच नाहीत. अ‍ॅन १८१५ मध्ये वारली, म्हणजे तिच्या हयातीतली हाती लागण्यासारखी जनगणना एकच, १८१० ची. मधली पोकळी करयाद्यांनी भरायची. जमीन असलेली विधवा करयादीत स्वतःच्या नावाने येते. एखाद्या वर्षी ती यादीतून गेली आणि शेजारच्या पुरुषाच्या नावावर तेवढीच जमीन वाढली, तर बहुधा तिचं लग्न झालेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. तिचं नाव शोधणं थांबवा आणि नवऱ्यांचे मृत्यू शोधा. लग्न झालेल्या बाईला त्या काळच्या कायद्यात स्वतंत्र अस्तित्व जवळजवळ नव्हतं; नवरा मेला की मात्र कोर्टात कागदांची रांग लागे. मालमत्तेची व्यवस्था बघणाऱ्याचं जामीनखत, घरातल्या वस्तूंची किमतीसह यादी, लिलावात कोणी काय घेतलं त्याचा हिशोब (यात विधवेचं नाव हमखास भेटतं) आणि तिला हयातीपुरता मिळणारा जमिनीचा एक तृतीयांश वाटा. तिने पुन्हा लग्न केलं की पुढचे हिशोब नवा नवरा 'बायकोच्या हक्काने' देऊ लागतो. दोन लग्नं जोडणारा याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

मुलांसाठी पालक नेमल्याचे कागद वेगळे काढा. आई जिवंत असली तरी बाप मेलेली मुलं कोर्टाच्या लेखी अनाथ. चौदा वर्षांवरच्या मुलाला आपला पालक स्वतः निवडता येई, त्यामुळे 'निवडला' की 'नेमला' यावरून जन्मसालाचा अंदाज बांधता येतो. सर्वाधिक चुका इथेच होतात : शेवटच्या नवऱ्याच्या घरात दिसणारी सगळी मुलं त्याचीच धरली जातात. प्रत्येक मुलासाठी बापाचं आडनाव, पालकाचं नाव आणि कागदाची तारीख असे तीन रकाने करा. तीनही भरेपर्यंत त्याला कुठल्याही बापाखाली लिहू नका.

लग्नाचा पुरावा म्हणून दिसणारं ५० पौंडांचं जामीनखत म्हणजे लग्न नव्हे. ती परवान्यापूर्वीची हमी. लग्नाची तारीख पाद्र्याने कोर्टाला कळवलेल्या नोंदीत असते. जामीन राहणारा माणूस मात्र टिपून ठेवा, तो बरेचदा मुलीचा बाप किंवा भाऊ असतो.

एक कोडं आधीच सोडवून ठेवा. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होतं. १७७६ अखेरपर्यंत हॅरड्सबर्ग तिथल्या फिनकॅसल काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) होतं, मग केंटकी काउंटीत, १७८० पासून लिंकन काउंटीत आणि पुढे मर्सरमध्ये. बाई जागची हलली नाही तरी दप्तर बदलत गेलं. लिंडसेचे कागद लिंकनमध्ये बघा, मॅकगिंटीच्या संसाराचे मर्सरमध्ये. पोगसाठी १७७९-८० च्या जमीन आयोगाची प्रमाणपत्रं पाहा. १७७८ पूर्वी वसलेल्यांना ४०० एकर आणि लगतचे १००० एकर विकत घेण्याचा पहिला हक्क मिळे, वसाहतकरी मेला असेल तर त्याच्या वारसांना.

हे सगळं दापोलीत बसून होतं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खातं काढा. तिथल्या मजकूर-शोधात हस्तलिखित खरेदीखतं आणि मृत्युपत्रंही शोधता येतात, म्हणून अनुक्रमणिकेत नसलेल्या बायका सापडतात. पोग आणि लिंडसे ही नावं प्रत्येकी तीन-चार स्पेलिंगांनी टाका. दुसऱ्याच्या तयार झाडातून मात्र काहीही उचलू नका, कागदाचं चित्र जोडलेलं असेल तरच घ्या.

प्रश्न : माझ्या पणजीचा पहिला नवरा गेल्यावर पाट लागला. पहिल्या घरची मुलं तिकडेच राहिली. त्या घराशी नातं कागदावर सिद्ध करता येईल का? – एक वाचक, मालवण

उत्तर : येईल, पण तुमचं काम केंटकीपेक्षा अवघड आहे. तिथे आडनावच बदलतं, आपल्याकडे सासरी पहिलं नावही बदलतं. म्हणून इथे धागा जमिनीचा धरायचा. पहिल्या घराचा जुना सातबारा तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. त्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे म्हणजे फेरफार क्रमांक, आणि कंसात टाकलेली नावं म्हणजे कमी केलेली. त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मागा. नवरा मयत झाल्याच्या नोंदीत वारस असतात, आणि मुलं अज्ञान, म्हणजे वयाने लहान असतील तर 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आईचं नाव. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने पुनर्विवाहानंतर मयत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपत असे, त्यामुळे पुढे कुठेतरी तिचं नाव कमी होतं आणि अ.पा.क. म्हणून चुलता किंवा आजोबा येतो. तो फेरफार हाच तुमचा पुरावा.

गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीही मागा. बरंच दप्तर मोडीत असतं, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि मूळ नक्कल सोबत जपा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा, तेव्हा मालवणात नसलेले कागद रत्नागिरीलाही विचारा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आडनाव आणि मूळ गाव सांगून दोन्ही घरं वेगवेगळी बघा. छापील कुलवृत्तांतात नाव नाही, याचा अर्थ बाई त्या घरात नव्हती असा नाही.

प्रश्न : डीएनए चाचणीने हे सगळं झटपट होणार नाही का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : अ‍ॅनसारख्या बाईसाठी नेहमीची चाचणी फार मदत करत नाही. प्रत्येक पिढीत वाटा सरासरी निम्मा होतो आणि सात-आठ पिढ्यांनंतर एखाद्या पूर्वजाचा अंश शून्यही असू शकतो. मायटोकाँड्रियल चाचणी उपयोगी पडते, कारण तो डीएनए आईकडूनच मुलांना मिळतो आणि नवरे कितीही असले तरी त्यात बदल होत नाही. अट एकच : चाचणी देणाऱ्यापासून त्या बाईपर्यंत मधली प्रत्येक कडी आईची हवी. मधे एक जरी पुरुष आला तरी साखळी तुटते. म्हणून आधी कागदांवरून मुलींची साखळी शोधा, शक्यतो दोन वेगवेगळ्या नवऱ्यांच्या मुलींच्या, आणि मगच दोघींच्या वंशजांकडून नमुना मागा. दोन्ही निकाल वेगळे आले, तर त्या मुलींची आई एक नव्हती किंवा मधली एखादी कडी चुकली आहे. सारखे आले तर शक्यता वाढते, पण तेवढ्याने सिद्ध होत नाही, कारण तोच डीएनए बहिणी-मावश्यांकडेही असतो.