स्पॅनिशमध्ये 'मला अमुक करायचं आहे' कसं म्हणतात?

'मला स्पॅनिश शिकायचं आहे' याचं तुम्ही 'मे क्येरो आप्रेन्देर एस्पान्योल' केलंत आणि त्यात काय चुकलं असं विचारलंय. चुकलाय तो फक्त 'मे'. मराठीत 'मला' करायचं असतं, स्पॅनिशमध्ये 'मी' इच्छितो. म्हणून नुसतं 'क्येरो आप्रेन्देर एस्पान्योल'. 'मी' या अर्थाचा 'यो'सुद्धा बहुधा गाळतात, कारण 'क्येरो'तल्या शेवटच्या 'ओ'वरून कर्ता कळतोच. मराठी माणसाची ही चूक अगदी साहजिक आहे. मीही सुरुवातीला हेच करत होते.

क्रियापद आहे 'केरेर'. मी क्येरो, तू क्येरेस, तो/ती क्येरे, आम्ही केरेमोस, ते क्येरेन. आदरार्थी 'तुम्ही'लाही 'क्येरे'च. मित्रमंडळींना उद्देशून अनेकवचनी 'केरेइस' म्हणतात ते मुख्यतः स्पेनमध्ये. लॅटिन अमेरिकेत तिथे 'क्येरेन' चालतं.

पुढचं क्रियापद मात्र मूळ रूपातच ठेवायचं. आपल्याकडे लेख वाचायचा, कादंबरी वाचायची, पुस्तक वाचायचं. तिकडे सगळ्याला एकच 'क्येरो लेएर'. मधे काही घालायचं नाही. 'बोय आ लेएर' (मी वाचणार आहे) यात 'आ' लागतो, 'तेंगो गानास दे लेएर' (वाचावंसं वाटतंय) यात 'दे' लागतो, म्हणून 'क्येरो'नंतरही काहीतरी हवं असं वाटत राहतं. नको.

तुमचा 'मे' वाया जाणार नाही. 'मे गुस्तारीआ बियाखार', म्हणजे 'मला प्रवास करायला आवडेल'. इथे मराठीसारखाच 'मला' आहे, आणि 'क्येरो'पेक्षा हे नम्रही वाटतं. कॅफेत कॉफी मागताना 'किसिएरा उन काफे' म्हणा.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. इच्छा माझी, पण करणारा दुसरा, तेव्हा मूळ रूप चालत नाही. 'मला यायचं आहे' हे 'क्येरो बेनीर', पण 'तू यावंस असं मला वाटतं' हे 'क्येरो के बेंगास'. या 'बेंगास'ला सबजंक्टिव म्हणतात आणि पुष्कळ जण त्याला घाबरतात. आपण तर 'येतोस' आणि 'यावंस' यांतला फरक लहानपणापासून बोलतोय. वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. 'मला वाटतं'च्या आधी 'यावंस', 'करावंस', 'सांगावंस' आलं, की स्पॅनिशमध्ये 'के' आणि सबजंक्टिव.