जगातल्या छोट्या भाषा संपल्या तर नेमकं काय बिघडतं?

बिघडतं. आणि तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, की सगळ्यांची एकच भाषा झाली तर भांडणं तरी मिटतील, त्याचं आधी सांगते. आफ्रिकेतल्या रवांडात हुतू आणि तुत्सी हे दोन्ही समाज किन्यारवांडाच बोलतात, तरी १९९४ मध्ये तिथे लाखो तुत्सींची कत्तल झाली. दोन्ही कोरियांची भाषा एकच आहे. भांडायला माणसांना वेगळी भाषा लागत नाही.

आता माझं. मी नवी मुंबईतल्या घणसोलीची, आगरी समाजातली. माझी आजी धवलारीण होती. आमच्यात पूर्वी लग्न भटजी नाही, धवलारीण लावायची, हळदीपासून शेवटपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवला, म्हणजे गाणं, ती एक ओळ म्हणणार आणि बाजूला बसलेल्या बायका ती झेलणार. कागदावर काही नाही, सगळं तोंडपाठ आणि सगळं आमच्या आगरी बोलीत.

२००९ ला माझं लग्न ठरलं, सासर ठाण्याचं, नौपाड्यातलं. हळदीच्या आदल्या रात्री मोठ्या काकाने आजीला सांगितलं, पाहुणे शिकलेले आहेत, उद्या तू काही गाऊ नको, डीजे सांगितलाय. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाहेर डीजे चालू, आणि ती मागच्या खोलीत माझ्या पायांना हळद लावत बसलेली, ओठ हलत होते पण आवाज मलाही येत नव्हता, फक्त ओळ संपली की घोट्यावरचा तिचा हात थांबायचा आणि पुढची सुरू झाली की परत फिरायला लागायचा. पूर्ण धवला तिने असाच म्हटला. मी तेव्हाच उठून डीजे बंद करायला हवा होता. नाही केला.

२०१४ मध्ये मोबाईल घेऊन तिच्यासमोर बसले की आता सगळे धवले रेकॉर्ड करू. जमेना. ती एक ओळ म्हणायची आणि थांबायची, कोणीतरी झेलेल म्हणून वाट बघायची. झेलणाऱ्या दोघी केव्हाच गेल्या होत्या. "मना पुढचा आठवत नाय गो," एवढंच म्हणायची. शेवटी मीच वेडंवाकडं झेलायला लागले तेव्हा कुठे तिला पुढचं सुचायला लागलं. असे अकरा मिळाले. पुढच्या वर्षी ती गेली, बाकीचे तिच्याबरोबर.

अंदमानच्या बोआ सीनिअर जानेवारी २०१० मध्ये वारल्या, साधारण ८५ वर्षांच्या होत्या. बो भाषा बोलणाऱ्या त्या शेवटच्या. अन्विता अब्बी या भाषातज्ज्ञ बाईंनी त्यांचं बोलणं, गाणी रेकॉर्ड करून ठेवली म्हणून निदान तेवढं राहिलं. शेवटची कितीतरी वर्षं त्यांच्याशी बो बोलायला कोणी नव्हतं, इतरांशी त्या अंदमानी हिंदी बोलायच्या आणि आपल्या भाषेत पक्ष्यांशी. बातमी मी तेव्हाच वाचलेली आणि विसरूनही गेले होते, आजीची ती थांबलेली ओळ ऐकल्यावर ती डोक्यात परत आली.

लोक म्हणतात भाषा आपोआप मरते, काळानुसार. खोटं आहे. आमच्याकडे १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, शेतं, खाडीकाठची खाजणं, मिठागरं गेली आणि त्या कामाचे शब्द गेले. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधाला पाणी सोडायला-अडवायला असतं ते दार, हे आज घणसोलीतल्या पोरांना विचारा. पण त्याहून जास्त मारलं ते लाजेने. चौथीत मी "पानी" म्हटलं म्हणून बाईंनी पूर्ण वर्गासमोर दहा वेळा "पाणी" म्हणायला लावलं होतं. त्या मराठीच्याच बाई होत्या, इंग्रजीच्या नाही. आणि सरकारी मोजणीतही तेच, १९६१ च्या जनगणनेत १६५२ मातृभाषांची नावं होती, १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोकांच्या भाषा वेगळ्या दाखवणंच बंद झालं.

हल्ली रीलमध्ये आगरी ऐकू येते, बहुतेक वेळा हसवायला. घरात आईशी बोलायला लाज वाटते ती भाषा कॉमेडीत टिकली याला मी टिकणं म्हणत नाही.

एक मान्य करते, आगरीला मराठीची बोली म्हणतात आणि आम्ही लाखांनी आहोत, त्यामुळे बोआ आजींच्या एकटेपणाशी आमची बरोबरी नाही. आणि इंग्रजी शिकू नका असंही मी म्हणत नाही, माझी मुलगी इंग्लिश मीडियमलाच आहे. घरी आगरीत बोलते, दोन्ही येतं तिला.

तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस वेगळं काही बोलत असेल तर नुसता मोबाईल समोर ठेवू नका, त्यांच्या वयाचं दुसरं कोणीतरी शेजारी आणून बसवा. एकट्याला आठवत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा काकाने स्टेटस ठेवलं होतं, "माझी मराठी, माझा अभिमान". मी त्याला फोन करून विचारलं, आजीची कुठली होती मग? तो म्हणाला जुनं काढू नको. काका, मी काढणार. येत्या वैशाखात तुझ्या नातीची हळद आहे, मला अकरा येतात आणि दोन झेलायला माझी लेक शिकलीये. डीजे नंतर लाव.