आधी गळती बंद कर

प्रिय मुली,

एमडी झाल्यावर भूल सोडून क्लायमेट पॉलिसी शिकायला परदेशी जावं का, असं विचारतेस. का, तर ग्रीन कमिटीत सोलर पॅनेलची फाइल हलत नाही. नसेल हलत. मला आधी सांग, तुझ्या हॉस्पिटलची मॅनिफोल्ड रूम, म्हणजे जिथून सिलिंडरचे गॅस पाइपलाइनीत सोडतात ती खोली, तू आतून कधी पाहिली आहेस का?

भुलीसाठी वापरतो तो नायट्रस ऑक्साइड वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो आणि शंभरेक वर्षं हवेत टिकतो. स्कॉटलंडमध्ये हिशेब तपासला तेव्हा कळलं, की विकत घेतलेला बहुतेक नायट्रस रुग्णापर्यंत पोचतच नाही, पाइपलाइनमधूनच निसटतो. आपल्या पाइपलाइनी काय वेगळ्या धातूच्या आहेत? आधी गळती बंद कर, मग सोलर.

दुसरी गळती तुझ्या हाताशीच आहे. ट्यूब टाकून झाली, रुग्ण स्थिर आहे, तरी गॅसचा प्रवाह दाखवणारा फ्लोमीटरचा बॉबिन मिनिटाला सहा लिटरवर नाचतोय. त्या प्रवाहाबरोबर जाणारं भुलीचं औषध सेव्होफ्लुरेन शरीरात जेमतेम 5 टक्के मोडतं, बाकीचं नळीतून थेट बाहेर. लिटरभरावर आण. गॅस मॉनिटरवर डोळा ठेव, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडालाइम जांभळा पडला की बदल, रुग्णाच्या ऑक्सिजनमध्ये मात्र काटकसर करायची नाही. डेस्फ्लुरेन हे भुलीचं दुसरं औषध तर मागवूच नकोस, स्कॉटलंडने 2023 मध्येच ते थांबवलं. एवढ्यासाठी कमिटी लागते का गं?

मला ऑपरेशन थिएटरमध्ये 'चिक्कू मॅडम' म्हणायचे. विभागप्रमुखपद हुकलं ते असल्या भांडणांमुळेच, असं काही जण अजून म्हणतात. म्हणू देत. सेव्होच्या बाटल्यांचा खप उतरला तेव्हा स्टोअरवाल्यांनीच विचारलं, "मॅडम, केसेस कमी झाल्या का?" केसेस तेवढ्याच होत्या. खंत आहे ती एवढीच, की बरोबरीने भांडणारं कुणी भेटलं नाही. आता भेटलीस, तर निघालीस.

आणि शिकायचंच असेल तर मदुराईला जा. अरविंद नेत्र रुग्णालयातल्या मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेचं कार्बन उत्सर्जन ब्रिटनमधल्या तशाच शस्त्रक्रियेच्या सुमारे 5 टक्के भरतं, हे 2017 च्या अभ्यासात छापून आलंय. तिथे वस्तू निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, एकदा वापरून फेकत नाहीत. म्हणजे तेच, गळती बंद.

सोमवारी मॅनिफोल्डची किल्ली माग. टेक्निशियन कुरकुरेल, कुरकुरू दे. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लाव आणि बुडबुडे कुठे आले ते मला फोन करून सांग. कोर्सचं त्यानंतर बोलू.

तुझी,
मॅडम